मासेवाल्याचं चाक

आमच्या पालघरच्या आळीत एक मासेवाला मोटारसायकलवरून यायचा. मागे बांधलेल्या पेटीतल्या बर्फाचं खारं पाणी दिवसभर चाकावर ठिबकायचं. एकदा ते चाक असं किंचाळत आलं की आमची ही ताट घेऊन बाहेर येण्याआधी मीच आलो.

"काका, ग्रीस हाय काय?"

होतं. स्वतःच्या गाडीसाठी गेल्या दिवाळीत आणलेला डबा मी अजून उघडलासुद्धा नव्हता.

त्याने अंगणातच चाक काढलं. बेअरिंगमधला गंजका गाळ पेट्रोलच्या चिंधीने पुसला आणि तान्ह्याला घुटी चाटवावी तसं बोटाने ग्रीस भरू लागला. मधूनच त्याचे डोळे मिटायचे, मग दचकून हात पुन्हा भरभर चालायचे.

"एवढी कसली गडबड?" मी विचारलं.

"बायकोला दवाखान्यात न्यायचंय. चाक सुकलं की बोंब मारतं, काका. ती नाय मारत. काल मासे निवडताना बसली ती उठंच ना, तवा कळलं मला. रातभर जागाच हाय."

हिने उरलेली सगळी मांदेली घेतली, तीही घासाघीस न करता. चाक बसवून तो गेला. चाकाचं किंचाळणं आता येत नव्हतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ही गुडघ्यावर हात टेकून उठली. रोजच तशी उठत असावी. मी उष्टी ताटं उचलून मोरीकडे निघालो, तर हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप तर नाही," ती म्हणाली, "मग झालंय काय तुम्हाला?"