खोबरहून आईसाठी ओजिब्वे गीत

सौदीत ख्रिस्ती प्रार्थनेला बंदी, त्यामुळे आमच्या खोबरच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी देवाचं गीत म्हणायचं म्हणजे आधी खिडक्या बंद, मग एसी फुल, आणि मिक्सर हाताशी. बेल वाजली की बायको रिकामा मिक्सर फिरवायची आणि मी जगातला सर्वांत निष्पाप चेहरा करून दार उघडायचो. काय वठवायचो मी ती भूमिका!

आमच्यात एक कॅनडाचा वेल्डिंग इन्स्पेक्टर येई, तिथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांपैकी. मिशनऱ्यांनी आमच्या नगरकडे इंग्रजी गीतं मराठीत आणली, तशी त्यांच्याकडे ओजिब्वेत. चाली त्याच! पण तो इतका संथ गाई की एका ओळीत चहा उकळून गाळून व्हावा. आम्ही टाळ्या वाजवत पुढे पळायचो.

"भावजी, एवढ्या वेळात देवाला डुलकी लागेल," बायको म्हणायची.

"वहिनी, तुमच्या देवाची बस सुटतेय का?"

त्यांच्याकडे माणूस गेलं की दफन होईपर्यंत त्याच्याजवळ बसून ही गीतं गातात. एकानं ओळ सुरू करायची, बाकीच्यांनी उचलायची. पण भाषा येणारी म्हातारी माणसं एकेक करून संपली होती. आईनं त्याला बजावलं होतं, "मला इंग्रजीत पाठवू नकोस."

परदेशी काढून सौदी माणसं भरायच्या सौदीकरणात त्याची नोकरी गेली, तेव्हा गडी चक्क नाचला. आता आईपाशी जायचं! पण कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, परदेशी गेलेला; त्याच्या सहीवाचून देश सोडायचा एग्झिट परवाना अडकला. "बुकरा," ऑफिसवाले म्हणत. म्हणजे उद्या. असं उद्या-उद्या करता आई गेली.

शुक्रवारी दुपारी त्यानं आमच्या टेबलावर फोन ठेवला. तिकडे पहाट होत होती. भाचीनं फोन शवपेटीपाशी धरला होता. त्यानं पहिली ओळ गायली आणि थांबला. पलीकडे माणसं खोकली, खुर्च्या सरकल्या. ओळ कुणी उचलली नाही.

त्यानं पुन्हा गायली. बायकोला राहवेना. तिनं मराठीत उचलली, अगदी त्याच्या संथपणानं. मीही सूर लावला.

त्यानं हात वर केला. "नको, वहिनी. तिला कळणार नाही."

मग सगळं त्यानं एकट्यानंच गायलं. ओळ टाकायची, थांबायचं, आपणच उचलायची.

"मामा, झालं का?" भाचीनं विचारलं. "चर्चचे पाळक खोळंबलेत. त्यांना गीत सुरू करायचंय."

"इंग्रजीत?"

"दुसरं येतंय कुणाला?"

"बरं," तो म्हणाला, पण फोन ठेवला नाही. तिकडे पाळकांनी पहिली ओळ म्हटली, आणि सगळ्या घरानं ती एकदम उचलली.