पिठावरची साडेतीन बोटं

बुधवारी काकीने मला बोलावलं होतं आणि मी गेले नाही. गुरुवारी सकाळी परळच्या लॅबमध्ये मी रक्ताच्या नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते, तेव्हा महेशदादाचा फोन आला. महेशदादा म्हणजे काकीचा मुलगा, वडाळ्याला राहतो. "आई गेली गं. झोपेतच," एवढंच तो म्हणाला. आणि मग, जणू तेही त्याच बातमीतलं असावं तसं म्हणाला, "तुझा डबा ओट्यावर भरून ठेवलाय तिने. वर तुझं नाव लिहिलंय."

या गोष्टीला आता दोन महिने होतील. शालिनीकाकीचं आणि माझं रक्ताचं नातं काही नव्हतं. मी सांगोल्याची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बारावीनंतर मुंबईत प्रवेश मिळाला, पण हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही. आमच्या शाळेतल्या बाईंची काकी ही मावसबहीण. "महिनाभर ठेवून घे, तोवर काहीतरी सोय होईल," असं बाईंनी तिला कळवलं आणि मी एक पत्र्याची पेटी घेऊन काळाचौकीच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पोचले. महिनाभरासाठी गेलेली मी पाच वर्षं राहिले. माझी पदवी, माझी नोकरी, नीट बोलायला येणं, चारचौघांत न घाबरता खुर्चीवर बसणं, हे सगळं त्या दोन खोल्यांतून आलेलं आहे. त्या ऋणाबद्दल मी तिला कधी एक शब्द बोलले नाही. बोलायला गेलं की ती म्हणायची, "व्हय व्हय, आधी ती अंडी फोड."

अंडी फोडायची ती ब्राउनीसाठी. काकी ब्राउनी करायची, आणि अशी करायची की लालबागच्या नव्या टॉवरमधल्या मुली वाढदिवसाला दुकानं सोडून तिच्याकडे यायच्या. काकांची गिरणी बंद पडल्यावर ती कफ परेडला एका घरी स्वयंपाकाला लागली होती. बाविसावा मजला. तिथून मच्छीमार नगरातल्या होड्या सुकत घातलेल्या बोंबलांसारख्या दिसतात, असं ती सांगायची. तिथल्या बाईंनी तिला ब्राउनी शिकवली आणि परदेशी जाताना आपला ओव्हन तिला देऊन गेल्या. ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाच्या मधोमध वाटीएवढी काच. त्या काचेला काकी डोळा म्हणायची. "बघ गो, डोळ्यातून बघ. झाकण उघडू नको. त्याला बघू दे, आपणही बघूया." आधी मी हसायचे. पण दुपारी घरात एकटी असले आणि तो थंड ओव्हन ओट्यावर असला, की मी त्याच्याकडे पाठ करून अभ्यासाला बसायचे नाही.

तिची पद्धत ठरलेली होती. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवून त्यात चॉकलेट आणि लोणी वितळवायचं. साखर आणि अंडी हात भरून येईपर्यंत फेटायची, कारण वरचा तो कागदासारखा पापुद्रा तिथूनच येतो. मग मैदा, कोको आणि चिमूटभर मीठ. ते मात्र फेटायचं नाही, खालून वर हलक्या हाताने उलटत जायचं. "केक फुगतो. ब्राउनी बसते," ती सांगायची. "फुगणारे रगड असतात. नीट बसता आलं पाहिजे." शिजली का ते पाहायला उदबत्तीची जळून उरलेली काडी धुऊन ती आत खुपसायची. काडी कोरडी आली तर तिचं तोंड उतरायचं. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी आणि सगळा श्रावण अंडी बंद. बुधवार हा तिचा ब्राउनीचा वार.

मैदा, कोको आणि ते मीठ ती आदल्या दिवशीच तीनदा चाळून एका पितळी डब्यात भरून ठेवायची आणि झाकण लावण्याआधी त्या तपकिरी पिठावर उजव्या हाताची चार बोटं उमटवायची. कणकेच्या गोळ्यावर बोटं उमटवायची पद्धत आमच्याकडेही आहे. कोरा गोळा पिंडासारखा दिसतो, म्हणून तसा ठेवत नाहीत. पण कोरड्या पिठावर बोटं उमटवणारी मी एकटी काकीच पाहिली. मी कारण विचारलं, तर ती सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, "पीठ कोरं ठेवलं तर ते कोणाचंच नसतं. मग ज्याला काही नाही, तो येऊन बोटं उमटवतो. आपण आधी उमटवली की कळतं, हे कोणाचं आहे ते."

राहायला आल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिने मला पहिल्यांदा डबा भरायला सांगितला. मी भरला, बोटं उमटवली आणि तिला दाखवला. ती डब्यात बघत राहिली. मग माझा हात धरून उलटापालटा करून पाहिला. "तुझ्या बोटाला काय झालं गो?" मला कळेना. झालं होतं असं की, काकीच्या अनामिकेचं वरचं पेर नव्हतं. लहानपणी गावी भाऊ कोयत्याने नारळ सोलत असताना हिने मध्ये हात घातला होता. तिने उमटवलेल्या खुणेत तीन बोटं पूर्ण आणि एक अर्धं असायचं, आणि मला वाटलं होतं, पद्धतच तशी असेल. म्हणून मी अनामिका दुमडून धरली होती. काकी हसता हसता ओट्याला टेकली. शेजारच्या नलूताईंना हाक मारून म्हणाली, "नलू, ये बघ. ह्या पोरीने माझं तुटलेलं बोट पण शिकून घेतलंन." नलूताई म्हणाल्या, "बरं झालं, तुझा पाय मोडला नव्हता." पुढे बोट सरळ ठेवायला मी कधी शिकलेच नाही. सवय ती सवय. डबा मी भरलाय की तिने, हे खुणेवरून आम्हा दोघींनाही सांगता यायचं नाही.

मी पदवीधर झाले त्या दिवशी आई सांगोल्याहून आली होती. काकीने तिच्यापुढे बशी ठेवली. आईने वाकून वास घेतला आणि मला हळूच म्हणाली, "करपलंय गं. त्यांना सांगू नको, वाईट वाटंल." काकीला ते ऐकू गेलं. तिने आईच्या समोर बसून स्वतः एक तुकडा खाल्ला. मग आईने खाल्ला. मग दुसरा. जाताना तिसरा वडिलांसाठी पदराच्या टोकात बांधून घेतला. दारात काकी तिला म्हणाली, "एवढी शिकली तुमची मुलगी, पण पीठ उलटायची वेळ आली की अजून माझ्याच तोंडाकडे बघते." ते खरं होतं. पुढे नोकरी लागून वेगळी राहायला लागले तरी, एकूण नऊ वर्षांत मी एकही ब्राउनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने केली नव्हती. सगळं करायचे, आणि पीठ उलटायची वेळ आली की हात थांबायचा. काकी चमचा काढून घ्यायची.

म्हणून तिने त्या बुधवारी बोलावलं होतं. फोनवर म्हणाली, "यावेळी मी खुर्चीत बसणार. मी हात लावणार नाही. तुझ्या हातची खायची आहे मला." मी हो म्हटलं. बुधवारी दुपारी लॅबमधली सोबतीण आली नाही आणि तिची पाळी मी घेतली. काकीला मेसेज टाकला. काकी मेसेज बघत नाही, हे मला माहीत होतं. फोन करायला दोन मिनिटं लागली असती... त्या मेसेजपुढच्या खुणा अजून राखाडीच आहेत.

अकराव्याच्या संध्याकाळी, काकी जिथे झोपली होती त्या जागी दिवा ठेवायचा होता. दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि सकाळी पिठात काय उमटलं ते बघतात. पाखराचा पाय, मुंगीची रांग, गाईचा खूर, जे दिसेल त्या जन्माला माणूस गेलं असं धरतात. नलूताईंनी मला तांदळाचं पीठ आणायला सांगितलं. मीच ते पसरलं. "सपाट कर हं. एक रेघ राहता कामा नये," त्या म्हणाल्या. मी हाताने सारखं केलं. त्यांनी दिवा ठेवला, टोपली झाकली. मी माझ्या खोलीवर गेले.

सकाळी आम्ही तिघं होतो, महेशदादा, नलूताई आणि मी. नलूताईंनी टोपली उचलली. दिवा शांत झाला होता. त्याच्या उजव्या बाजूला पिठात तीन बोटं पूर्ण उमटली होती, आणि करंगळीशेजारचं अर्धं.

"उंदीर असेल," महेशदादा म्हणाला.

"चाळीतला उंदीर बोटं मोजून ठेवतो काय रे?" नलूताई म्हणाल्या. हात जोडून त्या खाली बसल्या. "ही कुठे गेलेलीच नाही."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. "पीठ तूच पसरलंस ना गो?" मी मान हलवली. बोटं मी उमटवली होती का, हे मला आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. पीठ सपाट केलं हे आठवतं. त्यानंतर हात उचलला, हे आठवतं. त्या दोन्हींच्या मध्ये काय झालं, ते आठवत नाही. नऊ वर्षांची सवय माणसाला विचारून हालत नसते. मी तसं बोलूनही दाखवलं. नलूताई म्हणाल्या, "असेल." पण ते पीठ त्यांनी मला भरू दिलं नाही, स्वतः भरलं.

त्या दिवशी निघताना मी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, की बुधवारी काकी माझ्यावर चिडली होती का. तेव्हा मला त्या खुणेपेक्षा हेच जास्त हवं होतं. नलूताई आठवत आठवत म्हणाल्या, "चारला ओव्हन गरम केलान. पाचला बंद केलान. सहाला परत लावलान. मी म्हटलं, पोर काय येत नाही, तूच घाल. तर म्हणते, नको, तिच्या हातची व्हायची आहे. मग डबा उघडून परत बोटं उमटवलीन, झाकण लावलंन, आणि झोपायला गेली." आणि चिडली होती का? "ते काही बोलली नाही गो."

महेशदादाने डबा आणि ओव्हन दोन्ही मला दिलं. काळाचौकीहून परळपर्यंत टॅक्सीत डबा मांडीवर होता, आणि रस्ता कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. घरी येऊन झाकण उघडलं तर साडेतीन बोटं जशीच्या तशी. कोरडी पूड हादरली की कडा ढासळतात, हे लॅबमध्ये रोज बघते. इथे एक कण हललेला नव्हता. त्यानंतर रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी झाकण उघडून बघायचे आणि लावायचे. हे पीठ वापरलं की ती खूण मोडणार. नाही वापरलं, तर ती त्या खुर्चीत वाट बघत बसलेलीच राहणार. पाच आठवडे मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी मला सुट्टी होती. चारच्या सुमारास चहा टाकायला उठले आणि ओट्यावरच्या ओव्हनकडे लक्ष गेलं. डोळ्यावर वाफ धरली होती. बाहेरून असेल म्हणून मी पदराने काच पुसली. वाफ तशीच राहिली. ती आतून होती. ओव्हनचा प्लग काढून वायर गुंडाळून ठेवलेली होती, मी आणल्यापासून तो लावलाच नव्हता. हवा दमट असेल. मी झाकणावर हात ठेवला. थंड होतं. मी चहाचं आधण उतरवलं आणि खाली जाऊन अंडी, लोणी, साखर, चॉकलेट घेऊन आले.

चॉकलेट वितळवलं. हात भरून येईपर्यंत साखर-अंडी फेटली. मग डबा उघडला, क्षणभर पाहिलं, आणि वाडग्यावर पालथा केला. आवाज झाला नाही. उलटायची वेळ आली तसा सवयीने माझा हात थांबला, चमचा किंचित पुढे झाला... कोणी घेतला नाही. खोलीतली एकुलती एक खुर्ची माझ्या पाठीमागे होती. मी वळून बघितलं नाही. खालून वर, खालून वर, सगळं पीठ मी उलटलं. मग काचेच्या डोळ्यासमोर उभी राहिले. पापुद्रा आला. काडी ओली आली, जितकी यायला हवी तितकीच. ब्राउनी नीट बसली होती. मीठ मात्र जास्त झालं होतं. काकीच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्या बुधवारी संध्याकाळी डबा उघडला तेव्हा तिने मिठाची चिमूट दुसऱ्यांदा टाकली असावी. मी कोपऱ्याचा तुकडा उभ्यानेच खाल्ला आणि दुसरा एका बशीत घालून खुर्चीवर ठेवला.

मग डबा धुतला, पुसला. पुन्हा खाली जाऊन मैदा आणि कोको आणला आणि चिमूटभर मिठासकट तीनदा चाळून त्यात भरला, कारण रिकामा डबा ठेवायला मन होईना. झाकण ओट्याच्या पलीकडच्या टोकाला होतं, ते घ्यायला वळले. परत येऊन डब्यात पाहिलं तर पिठावर बोटं उमटलेली होती. तीन पूर्ण, एक अर्धं.

माझ्या बोटांना पीठ लागलं होतं की नाही, हे पाहायच्या आधीच मी नळ सोडला आणि हात धुतले. मग झाकण लावलं.