तांब्याच्या छपराचा डॉक्टर

किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. एखाद्या कमिटीत नाव आलं की ते आपणहून घरी येऊन बसतात, आणि माझ्यासारख्याला झोपू देत नाहीत.

देवासच्या आमच्या मराठी समाजाने दत्तमंदिरावर तांब्याचं छप्पर घालायचं ठरवलं. सेक्रेटरी बापूसाहेब सभेत म्हणाले, "आपल्या डॉक्टरसाहेबांची पीएचडीच तांब्यात आहे!"

माझा प्रबंध ताम्रपटांवरच्या लेखांवर आहे. तेच सांगायला उभा राहिलो, तर टाळ्या पडल्या. मी बसलो. तेव्हापासून एकच धास्ती: छप्पर गळलं, तर माझ्या नावाने गळणार!

*

इंदूरहून मशीन आलं. ते पत्र्यांच्या कडा एकमेकींत मुडपत स्वतःच पुढे सरकतं. भुरू मिस्त्रीने विचारलं, "साब, जोड़ सिंगल मोड़ूँ कि डबल?"

"दोनों पक्षों पर विचार करना होगा," मी म्हटलं.

तो जोडीदाराकडे वळला. "डबल कर दे भिया. पढ़े-लिखे आदमी सीधे नी बोलते!"

*

तांबं ठोकायचा लाकडी हातोडा एकदा गायब झाला. सापडला मंदिराच्या स्वयंपाकघरात. बापूसाहेबांच्या सौभाग्यवती त्याने प्रसादाचा गूळ फोडत होत्या! दुपारी पत्र्यावर मुंग्यांची रांग. बापूसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टरसाहेब, तांब्याला मुंग्या लागतात?"

"जुन्या तांब्याला नाही," मी म्हणालो.

असं का म्हणालो, अजून कळत नाही. आठवलं की कान तापतात.

*

खंडेनवमीला आम्ही अवजारं पूजतो. मशीनचीही पूजा झाली, माझ्याच हस्ते: गंध, फूल, मूठभर अक्षता. दसरा उलटल्यावर भुरूने मशीन चालवलं. रोलरला चिकटलेल्या तांदळांचे ठसे जोडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटले!

"खोलना पड़ेगा साब. पानी यहीं से आएगा."

तोंड कुठे लपवावं कळेना. कमिटीचा राजीनामाच द्यायचा, असं ठरवलं. नेमके तेव्हाच धारच्या समाजाचे अध्यक्ष भाऊसाहेब आले. त्यांनाही असंच छप्पर घालायचं आहे. शिडी चढून त्यांनी जोडावरून बोट फिरवलं. "हे काय?"

मी मान खाली घातली. "अक्षता आहेत. चूक माझी. हा जोड उघडावा लागेल."

भाऊसाहेबांनी शिडीवरूनच चपला खाली टाकल्या आणि छपराला हात जोडले. "उघडायचं नाव काढू नका! धारलाही तुम्हीच यायचं."

उतरता उतरता थांबले.

"फक्त एक सांगा डॉक्टरसाहेब, आमच्याकडे बासमती चालेल ना?"