रिकामी बाहुली कोणाला दिसू नये

फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. दाऊदकाकांची सून बोलत होती. "ताई, बाबा गेले. चहा मांगतला, अन् मी घेऊन येईस्तोवर..." मी शिक्का बाजूला ठेवला, कोरा कागद ओढला आणि कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी केली. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही. त्याला आता दीड महिना झाला. रडून झालं आहे. राग मात्र गेलेला नाही, आणि तो का गेला नाही हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

यवतमाळच्या आमच्या चर्चमध्ये बाहुल्यांचा खेळ करणारा एक चमू आहे. पाच जण पडद्यामागे गुडघ्यांवर बसतात, हातात बाहुल्या घालून हात वर धरतात आणि बायबलमधल्या गोष्टी सांगतात. मुलांची सगळ्यात लाडकी गोष्ट जक्कयची, येशूला पाहायला झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची. मी कडेला, समोरची मुलं दिसतील अशी बसून संवादांची वही आणि आवाजाचं यंत्र सांभाळते. बाकी पडद्यामागचं सगळं, म्हणजे अगदी सगळं, दाऊदकाकांचं. एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं बाहुल्या नावांच्या अक्षरक्रमानं लावून पेटीत भरल्या होत्या, वर यादीही चिकटवली होती. काकांनी ती चष्मा वर करून वाचली. म्हणाले, "दुकानासाठी ठीक आहे वो ताई. पण जक्कय काय आपलं अक्षर पाहून येते? त्याची पाळी आली का येते." आणि त्यांनी एक लोखंडी दांडी आणली, तिला आकडे लावले आणि बाहुल्या प्रवेशाच्या क्रमानं टांगल्या. डोकं खाली, झगा वर, म्हणजे हात सरळ आत जातो, चाचपडावं लागत नाही. माझी यादी मी त्याच दिवशी फाडली. अशी यादी मी फारशी कोणाच्या सांगण्यावरून फाडत नाही.

बांगड्यांवरून तर एकदा रुसवेफुगवे झाले होते. माइकजवळ बांगड्या वाजायच्या, आणि हातातल्या बांगड्या काढायला आमच्या बायका तयार नव्हत्या. काकांनी वाद घातला नाही. पुढच्या तालमीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रुंद पट्ट्या कापून आणल्या आणि प्रत्येकीच्या हाती दिल्या. बांगड्या मनगटावर दाबून वरून पट्टी. आवाज बंद, बांगड्या जागच्या जागी. पडद्यामागे बोलायचं नाही, एक बोट म्हणजे तयार राहा, मूठ म्हणजे थांबा, हेही त्यांचंच.

पण त्यांचा खरा नियम एकच होता. आत हात नसलेली बाहुली मुलांच्या दृष्टीस पडता कामा नये. खेळ संपला की जक्कय मुलांना टाटा करत करत खाली जायचा, पडदा तसाच राहायचा, आणि त्याच्या आडच सगळ्या बाहुल्या पिशवीत जायच्या. महागावकडच्या एका गावात खेळाआधी दोन मुली मागे डोकावायला आल्या. काका आडवे उभे राहिले. "झोपले हायेत सगळे. उठले का येतील." मुली हळू पावलांनी परत गेल्या. मी हसले, तर म्हणाले, "हासू नको. लेकरानं जक्कयले जित्ता पाह्यला. त्याले चिंधी दाखवाले आपण कोण?"

आता शोकसभेचं ऐका. मी चर्चमध्ये शिरले, तर समोर टेबल, टेबलावर काकांचा फोटो, आणि फोटोपुढे ओळीनं मांडलेल्या आमच्या बाहुल्या. आडव्या. तोंडं उघडी, बाह्या लोंबलेल्या, प्रत्येकीवर एकेक फूल. चर्चच्या कमिटीनं श्रद्धांजली म्हणून मांडल्या होत्या. एकाच्याही मनात आलं नाही की मुलंही येणार आहेत. भाषणं झाली. चमूच्या कामाबद्दल चर्चच्या पाळकांचं कौतुक झालं, आवाज देणाऱ्यांचं झालं, गाडी देणाऱ्यांचंही झालं. काकांबद्दल काय, तर ते प्रेमळ होते आणि "पडदे बांधायला मदत करायचे". मदत! ज्या माणसावाचून एक बाहुली वेळेवर वर गेली नसती, तो मदत करायचा. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं आईला मोठ्यानं विचारलं, "जक्कयपण मेला का?"

मी उठले. भाषण चालू होतं, चालू राहिलं. पिशवी घेतली, लोकांकडे पाठ करून टेबलाच्या आड उभी राहिले आणि एकेक बाहुली आत घातली. बाहेर कमिटीच्या सेक्रेटरींनी गाठलं.

"ताई, श्रद्धांजलीच होती ना ती?"

"कोणाला? काकांना की जक्कयला?"

"तुम्ही उगीच मनाला लावून घेता."

हो, घेते. कारण पुढच्याच बैठकीत ठरलं की सुटीतल्या बायबल शाळेचा पुसदचा खेळ व्हायचा, पण मागे वेगळा माणूस नको, ज्याच्या त्याच्या बाहुल्या ज्यानं त्यानं घ्याव्यात. दोन्ही हात वर गुंतलेले असताना तिसरी बाहुली कोणत्या हातानं घ्यायची, हे कमिटीत कोणी गुडघ्यांवर बसून कधी पाहिलेलं नाही. मी सांगितलं, मागे माणूस नसेल तर खेळ नाही. आणि तो माणूस मी. माझ्या जागी वही घेऊन कोणीही बसेल.

पुसदला मी काकांच्या जागी बसले. बुटकं स्टूल, डोकं पडद्याच्या वर जाऊ नये म्हणून. समोर पाच जणांचे तळपाय, पडद्याची उलटी बाजू, तिच्यावरची ठिगळं. एक बोट, बाहुली पुढे. मूठ, थांबा. एकही चूक झाली नाही. जक्कय झाडावर चढला आणि बाहेर मुलं खो खो हसली. का हसली, मला दिसलं नाही. जक्कय घसरला होता, की कोणी पुढ्यातलं मूल टाळ्या पिटत उठलं होतं... काहीच दिसलं नाही.

अकरा वर्षं काकांनी आमचा एकही खेळ पाहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर, गाडी गावाबाहेर पडली की ते दर वेळी मला विचारायचे, "कुठी हासले वो लेकरं?" मला वाटायचं, पुढच्या वेळच्या सुधारणांसाठी विचारतात. मी वहीत पाहून सांगायची, "झाडावर. आणि शेवटी." की वही बंद. मुलं कशी पुढे सरकत येतात, एखादं कसं आपल्या बहिणीचे डोळे झाकतं, हे सगळं मी समोर बसून पाहिलेलं असायचं. ते आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहायचे, मग खिडकीबाहेर. शोकसभेतल्या सगळ्यांवर मी रागावले आहे, पण त्या यादीत एक नाव माझंही घालावं लागतं.

पुसदहून निघालो. गावाबाहेर आल्यावर गाडीत कोणीच काही विचारलं नाही. मग वही घेऊन कडेला बसलेल्या सुनीताला मीच विचारलं, "मुलं कुठे हसली?"

"झाडावर, ताई," ती म्हणाली. "अन् शेवटी."

"असं नाही," मी म्हटलं. "नीट सांग. पहिल्यापासून सांग."