इंद्रायणीवहिनींची मरळमोजणी

जुन्नर-आंबेगावात जनावरं मोजायची म्हटलं, की लोकांना एकच जनावर सुचतं, बिबट्या. आमच्या इंद्रायणीवहिनींना मात्र तळ्यातले मासे मोजायचे होते, तेही फक्त मरळी.

वहिनी मंचरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. एकवीस वर्षं काचेची भांडी धुता धुता त्यांनी इतकी लेक्चरं ऐकलीत, की फक्त पदवी तेवढी द्यायची राहिली आहे. दरवर्षी तिथं राजम्याचा एक प्रयोग असतो. बरणीतून ओंजळभर दाणे काढायचे, शाईचा ठिपका द्यायचा, परत टाकून बरणी हलवायची आणि पुन्हा ओंजळ भरायची. या ओंजळीत दहांत एक ठिपकेवाला निघाला, तर पहिली ओंजळ म्हणजे सगळ्या दाण्यांचा दहावा भाग. बरणी रिकामी न करता आकडा हातात.

यंदा उन्हाळ्यात गावचं तळं उपसून गाळ काढायचं ठरलं. गाळ शेतात जाणार म्हणून सगळे खूश. पोकलेनसुद्धा सांगून झालं. ग्रामसभेत वहिनी उभ्या राहिल्या.

"आणि मरळींचं काय?"

"वहिनी, असतील वीसेक," सरपंच रामदास म्हणाला. "त्यांना काय आता पुनर्वसनाची जमीन द्यायची?"

सभा हसली. वहिनी हसल्या नाहीत.

"पाचशे तरी हायेत. आणि भाऊजी, मरळीचं जोडपं पिल्लांच्या थव्याची राखण करत फिरतं. नर पण फिरतो. हितं बसलेल्यांपैकी किती बाप फिरले, त्यांनी हात वर करा."

सभेचं हसू आटलं. वहिनींचे यजमान संपतराव छताचे पत्रे मोजू लागले.

"मधी बांध घाला. अर्धं तळं यंदा उपसा, अर्धं पुढच्या साली," वहिनी म्हणाल्या.

"पाचशे दाखवा, अर्धं ठेवू," म्हणून रामदासानं विषय मिटवला. वहिनींनी त्याच्याकडून हे वाक्य इतिवृत्तात लिहून घेतलं, तेव्हा विषय मिटला नसल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

गावात जाळं फेकणारा माणूस एकच, जानकूबाबा. दोन रविवार त्यांनी मरळी धरल्या. वहिनींनी एकेकीच्या शेपटीचं टोक नखाएवढं कातरलं, तोंडानं आकडा पुटपुटला आणि तिला पाण्यात सोडलं. चौऱ्याऐंशी झाल्या. संपतरावांनी मरळींची पाटी धरली होती. घरी त्यांच्या अंगाला आठवडाभर मरळीचा वास होता, पण तक्रार कुणाकडं करणार?

आठ दिवसांनी पुन्हा जाळं पडलं. बाबा कमरेएवढ्या पाण्यात, वहिनी काठावर. पाटीत पंचाहत्तर मरळी आल्या. कातरलेली एकही नाही.

रामदासानं मोबाइल काढला. "वहिनी, शून्यानं भागाकारच व्हईना. बरं, एक तरी खुणेची धरू. चौऱ्याऐंशी गुणिले पंचाहत्तर... सहा हजार तीनशे! जिंकलात की राव!"

दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. वहिनी पाण्याकडं बघत राहिल्या.

"एवढ्या मरळी असत्या, तर पाणी दिसलंच नसतं. कायतरी चुकतंय."

"अगं, पण आपल्या बाजूनं चुकतंय ना?" संपतराव कुजबुजले.

"म्हणून तर जास्त चुकतंय."

त्यांनी साऱ्या मरळी पाण्यात सोडल्या आणि पुढच्या रविवारी पदर खोचून स्वतःच बाबांशेजारी पाण्यात उतरल्या. पहिलंच जाळं वर आलं. बाबांनी एक मरळ हलकेच काढली, तिला नमस्कार केला आणि सोडून दिलं.

"बाबा! ती का सोडली?"

"शेपूट कातरलेली व्हती."

"तीच तर पायजे मला!"

बाबा दोन पावलं मागं सरले. "वयनी, डाग देऊन देवाला सोडलेल्या वळूला कुणी औताला जुपतं का? तुमी कातर लावली, तोंडानं मंतर म्हनला, पाण्यात सोडली. आख्खं गाव म्हणतंय, वयनींनी म्हसोबाला चौऱ्याऐंशी मरळी बोलल्यात. गळ टाकणारी पोरं बी परत सोडत्यात. नवस कशाचा हाय, पोरीच्या लग्नाचा?"

"मला पोरगीच न्हाई, बाबा! मंतर कुठला, मी आकडे मोजत व्हते."

बाबांना ते पटेना. शेवटी वहिनींनी विचारलं, "यात्रेत देवाचे नारळ मोजत्यात का न्हाई?"

"मोजत्यात."

"मोजले म्हणून देव रुसतो?"

बाबांनी विचार केला आणि अट घातली. देवाच्या मरळी वेगळ्या घमेल्यात, ताज्या पाण्यात राहतील, आणि घमेल्याला हळदकुंकू लागेल. वहिनींची ना नव्हती. मोजणीला उलट सोयच झाली.

त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी मरळी आल्या. त्यांतल्या सोळा हळदकुंकवाच्या घमेल्यात. वहिनींनी वहीच्या पाठीवर गुणाकार-भागाकार केला. चारशे बासष्ट.

"सोळाच्या चौदा केल्या तर पाचशेच्या वर जातंय," संपतराव हळूच म्हणाले.

"मग उरलेल्या दोन तुमी खिशात घालून घरी न्या."

सभेत वहिनींनी जसं झालं तसं सांगितलं. "चारशे बासष्ट. पाचशेला अडतीस कमी पडल्या." आणि खाली बसल्या.

जानकूबाबा उठले. "पर त्यातल्या चौऱ्याऐंशी देवाच्या हायेत. त्यांच्यावर पोकलेन घालणाऱ्यानं आधी नाव सांगावं."

कुणी नाव सांगेना. काम फत्ते होत होतं, पण वहिनी पुन्हा उभ्या राहिल्या. "न्हाई बाबा. त्या देवाच्या न्हाईत, माझ्या कातरीच्या हायेत. नसलेल्या नवसावर मला तळं नको."

"आता या बाईला मदत तरी कशी करायची?" बाबा कपाळाला हात लावून खाली बसले.

रामदासानं डोकं खाजवलं. "मी वीस म्हणालो व्हतो. म्हणजे मी चुकलो चारशे बेचाळिसांनी, आणि वहिनी चुकल्या अडतिसांनी. वर सहा हजार फुकट मिळत व्हते, ते बी घेतले न्हाईत. कमी चुकतो त्याचं ऐकावं. लिहा, अर्धं तळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तळ्यात गुडघाभर पाण्यात होत्या. हातात सुंभाची दोरी, दुसरं टोक धरायला संपतराव. पोकलेनवाला काठावरून ओरडत होता, "ताई, लांबून बघा की!"

"तुमचं अर्धं आणि माझं अर्धं सारखं हाय का ते आधी बघते," वहिनी म्हणाल्या, आणि संपतरावांना अजून चार पावलं मागं सरायला लावलं.