दुसऱ्या पार्टीची खुर्ची

दीक्षितपुऱ्यात वामनकाकांकडे कुणाची तक्रार घेऊन गेलं, की ते आधी एक रिकामी खुर्ची समोर ओढायचे. "ही दुसऱ्या पार्टीची. तो येऊ दे, मग बोलू. एक्स पार्टे निकाल मी देत नाही!"

काकांनी आयुष्यभर कोर्टात पेशकारी, म्हणजे न्यायाधीशापुढची कारकुनी, केली आणि निवृत्त होताना हे लॅटिन घरी आणलं. एक्स पार्टे म्हणजे एकाच बाजूचं ऐकून केलेला फैसला. "समोरचा बोलावूनही आला नाही, तर असा फैसला कोर्टाला चालतो. मला नाही चालत." भात करपला असं काकू म्हणाल्या, तरी विचारायचे, "कुकरचं म्हणणं काय?"

"विचारते. तोवर उपाशी बसा."

सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आम्ही ओसरीवर बुद्धिबळ खेळत होतो. माझ्यावर मात होणार हे दिसत होतं, तेही सलग आठव्या रविवारी. काका चहा बघायला आत गेले आणि मी, शेहेचाळीस वर्षांच्या बाप्यानं, गुडघ्यानं पट उलथवला. ते बाहेर येताच म्हणालो, "चिंगीनं पाडला."

चिंगी ही त्यांची मांजर. काकांनी लगेच खुर्ची मांडली, तिला आतून उचलून आणून वर बसवलं. "बोला, चिंगीबाई." ती पंजा चाटत बसली. "बयान देऊन नाही राहिली. पुढची तारीख!" शेजारीपाजारी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो, आणि तेच हसणं मला पुढं झोपू देईना.

मग मी रोज तिला वाटीभर दूध नेऊ लागलो. चिंगी उशीसारखी फुगली. काका विचारायचे, "काहून रे दिलीप, एवढं दूध पाजून राहिला?"

"असंच."

"अच्छा."

गेल्या महिन्यात काका-काकू मुलाकडे नागपूरला निघाले. सामान ट्रकमध्ये चढलं होतं, दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी बोलून टाकलं, "काका, तो पट मी पाडला होता."

"माहीत आहे. तेव्हा चिंगी आत माझ्या पायात घोटाळत होती."

"मग सहा वर्षं बोलला का नाहीत?"

"तुझी बाजू कुठं ऐकली होती?" त्यांनी पायानं रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. चलो, पहिल्यापासून सांग."

मी बसलो. टोपलीतून चिंगी ओरडली. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला, "बाबूजी, निकलना है कि नहीं?"

"रुको भैया!" काका आनंदानं ओरडले. "छह साल बाद पार्टी हाजिर हुई है!"