मिस्त्रीचं मोर ऑर लेस

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगात इंजिन बसवायला आलेला साहेब परत गेला, तेव्हा गुलाम नबी मिस्त्रीकडे त्याच्या दोन वस्तू राहिल्या. एक मोठा पाना आणि दुसरं 'मोर ऑर लेस'. पाना पुढे हरवला, पण दुसरी वस्तू मिस्त्रीने तोंडातून कधी खाली ठेवली नाही. इंजिन दुरुस्त झालं का म्हणून विचारलं, तर मोर ऑर लेस. म्हणजे चालेल, पण कुठवर ते विचारू नका. घरी कोणाचा ताप उतरला का, तेही मोर ऑर लेस. साफ हो म्हणून फसण्यापेक्षा हे बरं, असं त्याचं म्हणणं.

एकसष्ट साली त्याच्या पुतणीचा, जैबुनचा निकाह ठरला आणि मिस्त्री वकील झाला. नवरीची मर्जी विचारून मांडवात काजीसाहेबांना सांगायची, एवढंच वकिलाचं काम. दोन साक्षीदार घेऊन तो पडद्यापाशी जाऊन आला. जैबुन लाजून नुसतं "हूं" म्हणाली होती.

"मुलीला कबूल आहे?" काजींनी विचारलं.

"मोर ऑर लेस," मिस्त्री सवयीने बोलून गेला.

घाटंजीच्या नवरदेवाने सेहरा बाजूला सारून पाहिलं. काजींनी हातातला टाक खाली ठेवला.

तेवढ्यात पडद्यामागून मिस्त्रीची बायको हजराबी बोलली, "लिहा काजीसाहेब. पोरगी हो म्हणली, म्या माह्या कानानं आयकलं. मोर ऑर लेस तं म्या म्हणलं होतं, यायच्यासंगं माहा निकाह लागला तवा."